भुऱ्याची निळी नळी

माझ्या आईने शेवटपर्यंत अमरावतीच्या आमच्या गल्लीत एकच सांगितलं, की आमची पोरगी अकोल्याला दवाखान्यात डॉक्टर आहे. दवाखाना जनावरांचा आहे हे ती कुणी अगदी खोदून विचारलं तरच सांगायची, आणि तिथे मी नेमकं काय करते हे तिने कुणालाच सांगितलं नाही. तिचीही काही चूक नव्हती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना 'माझी मुलगी वळूंचं वीर्य तपासते' असं कसं सांगायचं? मी मात्र सांगत गेले. आधी लाज वाटली, मग सवय झाली, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी तर समोरच्याचा चेहरा पाहायला मजाच येऊ लागली.

काम तसं साधं आहे. चांगल्या वळूचं वीर्य घ्यायचं, ते तपासायचं, अंड्याचा बलक, साखर आणि अजून दोन-चार वस्तू घातलेल्या द्रावणात पातळ करायचं, बारीक कांड्यांमध्ये भरायचं आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं. त्या थंडीत सगळं थांबतं. एक कांडी वर्षानुवर्षं टिकते. वळू मरून गेला तरी त्याची वासरं होत राहतात. अंडी रोज लागायची, आणि आमचा शिपाई पक्का माळकरी. तो अंड्यांचा ट्रे हातात न घेता सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा आणि वर मलाच म्हणायचा, ''म्याडम, मी काई शिवलो नाही बरं त्याले.'' मी म्हणायचे, तू नाही शिवलास, पण वासरं तुझ्याच नावावर जमा होतात.

शुक्राणू म्हणजे काय, हे मी गावोगाव एकाच पद्धतीने सांगितलं. डोक्यात बापाचा वारसा, मागे शेपूट, आणि दोन्हींच्या मधे मान. त्या मानेत त्याची चूल असते. साखर जाळायची, ताकद काढायची, ती शेपटीला द्यायची आणि पोहत राहायचं. बस. त्याच्याजवळ शिदोरी थोडीच असते आणि रस्ता लांब असतो. गोठवलं की चूल विझते, कोमट पाण्यात कांडी वितळवली की पुन्हा पेटते. एकदा पेटली की थांबत नाही. म्हणून वितळवलेली कांडी लगेच वापरायची.

हे न समजल्याने काय होतं ते एका निवृत्त मास्तरांनी मला दाखवलं. त्यांनी कांडी वितळवून घेतली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि घरी माठाखाली ठेवून दिली. म्हैस उद्या सकाळी माजावर येईल असा त्यांचा अंदाज होता. म्हैस खरंच सकाळी माजावर आली. पण ती गाभण राहिली नाही, आणि मास्तर भांडायला आले माझ्याशी. मी म्हटलं, सर, पोराला डबा देऊन शाळेत पाठवलं आणि शाळा दुसऱ्या दिवशी उघडली, तर तो डबा पुरेल का? मास्तर म्हणाले, ''पन माठ तं थंडा होता ना बाई.'' माझा राग फार लवकर चढतो. त्या दिवशी मी तो गिळला.

पण मला सांगायचं आहे ते भुऱ्याचं.

भुऱ्या हा हेला. हेला म्हणजे रेडा, आमच्याकडे हेलाच म्हणतात. पूर्णा नदीच्या काठाने, बाळापूर ते अकोट या पट्ट्यात एक म्हैस आढळते. रंगाने काळी नाही, राखेसारखी भुरी. कपाळावर पांढरा ठिपका, शेपटीचा गोंडा पांढरा. पूर्णाथडी म्हणतात तिला. खाते कमी, उन्हाला दाद देत नाही, दूध दाट देते. या जातीचे चांगले हेले आता शोधावे लागतात. त्या पट्ट्यातल्या एका गावात गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याकडे हा भुऱ्या होता, आणि आसपासच्या कितीतरी गावांच्या म्हशी त्याच्याकडेच यायच्या. कांडीवर विश्वास नसलेली माणसंही भुऱ्यावर विश्वास ठेवायची.

संक्रांत होऊन गेली होती. प्रयोगशाळेत हमीदभाई आले. बाळापूरचे दूधवाले, बऱ्याच म्हशी बाळगून असलेले, बोलायला सरळ. मला आधीपासून ओळखत.

''बाई, माह्या म्हशी उलटून राह्यल्या,'' ते म्हणाले. उलटणं म्हणजे गाभण न राहता तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येणं. ''एक उलटली तं म्हशीत खोट. दोन उलटल्या तं नशीब. आता सगळ्याच उलटल्या. आन माह्याच नाही, भुऱ्याकडे ज्याची ज्याची गेली त्याची उलटली.''

''मग भुऱ्याला तपासू.''

''त्याच्याचसाठी आलो. गुलाबराव इकून टाकतो म्हनते त्याले. पन बाई, गोष्ट हेल्यापुरती नाही राह्यली.'' हमीदभाई खुर्ची पुढे ओढून बसले. ''त्याची सून हाय, सुनिता. अकोटची पोट्टी. लग्नाले बरीच वर्सं झाली, पोट पिकलं नाही तिचं. हेल्याले चारापानी तीच करते. आता सासू म्हनते, हिचा हातच वांझोटा, हिनंच हेल्याले बी वांझ केलं. गोठ्यात जाऊ देत नाही तिले. आता तं कायमचं माहेरी धाडाची गोष्ट चालू हाय. पाडव्याच्या आंधी सोक्षमोक्ष लावू म्हनतेत.''

मी जीप काढायला सांगितली आणि हमीदभाईंना सोबत घेतलं.

गुलाबरावांचं अंगण मोठं होतं. भुऱ्या गोठ्यात उभा होता आणि खरं सांगते, इतकं देखणं जनावर मी फार थोड्या वेळा पाहिलं. अंग भरलेलं, कातडीवर तुळतुळीत चमक. गुलाबराव म्हणाले, ''पाहा बाई, याच्यात काई खोट दिसते? म्हैस पाह्यली का कसा धावते.'' धावत होता हे खरं. पण धावणं वेगळं आणि बीज वेगळं, हेच तर लोकांना पटत नाही.

वीर्य घ्यायचं म्हणजे लाकडी खोड्यात एक म्हैस उभी करायची, हेल्याला तिच्यावर येऊ द्यायचं आणि ऐन वेळी गरम पाण्याने भरलेली रबरी नळी पुढे करायची. हे काम एक बाई करते आहे म्हटल्यावर अंगणातले सगळे बाप्ये एकाएकी आभाळ पाहू लागले. एकाला तर पावसाचीच काळजी वाटू लागली, ऐन थंडीत. फक्त गुलाबरावांची बायको कौसाबाई कमरेवर हात ठेवून सरळ पाहत होती, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड सुनिता. उंच, सावळी, पदर खोचलेला. तिला अंगणात यायची बंदी असावी, कारण तिने उंबरा ओलांडला नाही.

आरशाचा सूक्ष्मदर्शक मी ओट्यावर उन्हात मांडला. चांगल्या हेल्याचा एक थेंब पाहिला तर उकळत्या भातासारखी खळबळ दिसते. भुऱ्याच्या थेंबात शुक्राणू भरपूर होते, पण जागच्या जागी. एखादा शेपूट झटकायचा आणि थांबायचा. कितीतरींच्या माना वाकड्या. घर माणसांनी भरलेलं आणि चूल एकाचीही पेटलेली नाही, तसं. गुलाबरावांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

''हे तं निजेल हायत,'' ते म्हणाले.

नुसतं माझ्या सांगण्याने भागणार नव्हतं, म्हणून मी निळी नळी लावली. ही जुनी तपासणी आहे, आता कुणी फारशी करत नाही, पण गावात दाखवायला तिच्यासारखी दुसरी नाही. काचेच्या नळीत पातळ केलेलं वीर्य घ्यायचं, त्यात निळ्या औषधाचा थेंब घालायचा, वरून तेलाचा थर द्यायचा म्हणजे हवा आत जात नाही, आणि नळी गरम पाण्यात उभी करायची. शुक्राणू जिवंत असतील, त्यांची चूल पेटलेली असेल, तर ते श्वास घेत घेत तो निळा रंगच खाऊन टाकतात आणि नळी पांढरी होते. चूल थंड असेल तर नळी निळीच राहते. कौसाबाईंनी पितळी गंज भरून गरम पाणी आणलं. सगळे भोवती बसले. चहा झाला, पानं झाली, नळी निळीच.

''म्हनजे हेला वांझ झाला,'' कौसाबाई म्हणाल्या आणि दाराकडे पाहून आवाज चढवला. ''मी सांगतच व्हती. हातच तसा हाय.''

''याला खायला काय घालता?'' मी विचारलं.

''सरकी,'' गुलाबराव म्हणाले. ''येकदम ताजी. मायी सून अकोटची ना, व्याही कापसाच्या जिनात फिटर हायत. दिवाळीपासून ते सरकीचे कट्टे धाडतेत. म्हशींले मूठभर, याले तं टोपलं टोपलं भरून घालतो.''

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. कारण काय ते सापडलं होतं, आणि ते त्या पोरीच्या माहेराहून पोत्यात भरून येत होतं.

सांगते. कपाशीच्या बीमध्ये एक पिवळट द्रव्य असतं, गॉसिपॉल नावाचं. कपाशीने किडीपासून वाचायला केलेली ती सोय आहे. दुभत्या म्हशीने बेताने सरकी खाल्ली तर काही बिघडत नाही, उलट दुधाला चरबी येते. म्हणून आपल्या वऱ्हाडात सरकी म्हणजे जनावराचा मेवा. पण नराने कच्ची सरकी रोज भरपूर खाल्ली तर हे द्रव्य नेमकं शुक्राणूच्या मानेवर घाव घालतं. चूलच बसते. जनावर बाहेरून अधिकाधिक देखणं होत जातं आणि आतून रिकामं. ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलुखात कोण करेल? इतकी सरकी आणि इतकं लाडाचं जनावर, दोन्ही एका दावणीला आमच्याकडेच सापडतात.

मी हे सगळं सांगितलं. मग कौसाबाई बोलल्या, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

''म्हनजे हिच्या बापानंच ईख धाडलं.''

दाराआड काही हललं. मी पाहिलं नाही, पण मला कळलं. मघाशी म्हटलं ना, माझा राग लवकर चढतो.

''कौसाबाई,'' मी म्हटलं, ''तीच सरकी तुमच्या म्हशींनी खाल्ली ना? त्या आटल्या का? आणि सुनिता लग्न होऊन आल्यापासून भुऱ्याला चारते आहे. मग गेल्या वर्षी त्याच्या एवढ्या वगारी, एवढी पारडं कशी झाली? तेव्हा हात चांगला होता?''

बोलले ते गुलाबराव. खाली पाहत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत.

''व्याह्यानं आपल्या मनानं नाही धाडली,'' ते म्हणाले. ''मीच मागतली. औंदा अकोल्याच्या प्रदर्शनात भुऱ्याचा नंबर काढाचा व्हता मले. टोपलं बी मीच भरत व्हतो. सून तं म्हने, मामाजी एवढी नोका घालू, पोट फुगते त्याचं.''

नवरा असं चारचौघांत बोलला याचं कौसाबाईंना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. त्या उठून आत गेल्या.

मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं. सरकी बंद, ढेप म्हणजे तिची पेंडही बंद. हिरवा चारा, कडबा, हरभऱ्याचं कुटार, थोडी तुरीची चुनी. नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला दोन-अडीच महिने लागतात, तोवर हेला विकायचा नाही. आणि शेवटी, हे कुठल्याच पुस्तकात नाही, मी लिहिलं की चारापाणी फक्त सुनिताने करायचं. मोठ्याने वाचूनही दाखवलं. हमीदभाईंनी मान डोलावली. मला वाटलं, काय शक्कल लढवली.

हात धुवायला मागच्या हौदावर गेले तर सुनिता तांब्या घेऊन उभी होती. पाणी घालता घालता म्हणाली, ''म्याडम, आन नाही सुधरला तं?''

मी तिच्याकडे पाहिलं. बहुतेक जनावरं सुधारतात. बहुतेक. एखाद्याची चूल कायमचीच जाते. तसं झालं असतं तर माझ्याच चिठ्ठीने तिच्यावर शिक्का बसला असता. हे तिला मघाशीच समजलं होतं, मला तिने विचारल्यावर समजलं.

''सुधरेल,'' मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

पुढचे दोन-अडीच महिने मी दुसरं काम केलं, पण मन त्या गोठ्यात होतं. सुनिताचा अधूनमधून फोन यायचा. ती स्वतःबद्दल काही बोलायची नाही. ''कुटार खाल्लं आज सगळं.'' ''अंग उतरलं थोडं, पन डोये साफ हायत.'' एकदा म्हणाली, ''सरकीच्या कोठीसमोर उभा राह्यते आन रुसून पाह्यते माह्याकडे.'' तिकडे हमीदभाई दर बाजाराला त्या घरी जाऊन कोठीला कुलूप आहे ना हे पाहून यायचे. गुलाबरावांना हा अपमान वाटला होता म्हणे, पण त्यांनी चालवून घेतलं. आलेल्या म्हशी ते परत पाठवत होते, आणि हेला आजारी आहे असं तोंडाने सांगत होते. त्यांच्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

पाडव्याच्या आधी मी पुन्हा गेले. हमीदभाई आधीच येऊन बसले होते, आणि या वेळी सुनिताचा नवरा प्रशांतही घरी होता. तो अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला, आठवड्याला एकदा यायचा. अबोल माणूस. खांबाला टेकून उभा होता.

भुऱ्याचं अंग खरंच उतरलं होतं. चमक गेली होती. प्रदर्शनात त्याला कुणी नंबर दिला नसता. खोडा, म्हैस, रबरी नळी, बाप्यांचं आभाळाकडे पाहणं, सगळं पूर्वीसारखंच झालं. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी मी मुद्दाम निळी नळीच लावली. निकाल सगळ्यांना एकदमच दिसावा म्हणून.

गरम पाण्याचा गंज या वेळी सुनिताने आणला. उंबरा ओलांडून, अंगणाच्या मधोमध. कुणी अडवलं नाही. नळी पाण्यात उभी राहिली आणि सगळे पाहत बसले. कौसाबाई ओट्यावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. निळा रंग निळाच दिसत होता. मी घड्याळ पाहिलं नाही, हिंमत झाली नाही.

''उतरून राह्यला,'' हमीदभाई म्हणाले.

मला आधी दिसलं नाही. मग दिसलं. तळापासून रंग फिका पडत होता. आकाशी झाला, मग ताकासारखा, मग नळी पांढरी. फक्त वर तेलाखाली एक निळी रेघ उरली. ती तशी उरतेच, तेलातून झिरपणाऱ्या थोड्या हवेमुळे. गुलाबरावांनी सूक्ष्मदर्शक स्वतःकडे ओढला. त्यात भात उकळत होता.

''जागले,'' ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. लपवायचं काय त्यात.

मग सगळे एकदम बोलायला लागले. चहा आला. हमीदभाईंनी आपल्या म्हशींचा नंबर पहिला लावून घेतला. त्या गलक्यात सुनिताने गंजातून नळी उचलली, उन्हात धरली आणि माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, सगळ्यांसमोर विचारलं.

''म्याडम, मानसाची बी अशी नळी लावता येते का?''

तिने नळी माझ्या हातात दिली आणि पुढे म्हणाली,

''माह्या तपासण्या अकोल्यात झाल्या, अमरावतीत झाल्या, नागपुरात झाल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. आमच्या यायची येकबी नाही झाली.'' तिने नवऱ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. ''हेल्याची दोनदा झाली.''

कौसाबाईंच्या बोटाला गुंडाळलेला पदर सुटला. प्रशांत खांबापासून सरळ झाला. मला वाटलं, आता हा तिला काहीतरी बोलणार, आणि मी त्याला सोडणार नाही. तो माझ्या जीपपर्यंत आला. हलक्या आवाजात त्याने अमरावतीत कुठे जायचं ते विचारलं. मी सांगितलं. त्याने मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

काही दिवसांनी फोन आला, त्याचाच. ''म्याडम, दोष माह्यात हाय. औषधं देल्ली हायत, पाहू म्हनते डाक्टर. आईले मीच सांगतलं.'' एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

औषधांचा उपयोग झाला नाही. त्या घरात अजून मूल नाही. भुऱ्याच्या भुऱ्या वगारी मात्र पूर्णेच्या दोन्ही काठांना हिंडतात, त्यांतल्या दोन हमीदभाईंच्या गोठ्यात आहेत. मी निवृत्त होऊन अमरावतीला परत आले. माझी एक खंत आहे. जनावरांच्या हजारो तपासण्या केल्या, इतक्या अंगणांत बसले, पण तिथल्या दाराआडच्या बायकांबद्दल मी आपणहून कधी विचारलं नाही. तो प्रश्न सुनिताला स्वतःच विचारावा लागला.

मध्ये बाळापूरला एका लग्नात कौसाबाई भेटल्या. थकल्या होत्या. मी सगळ्यांची खुशाली विचारली. त्यांनी शेतीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, गुलाबरावांच्या मोतीबिंदूचं सांगितलं. सुनेचं नाव काढलं नाही, म्हणून मीच विचारलं.

''तिले आनता नाही आलं लग्नाले,'' कौसाबाई म्हणाल्या. पत्रावळीवरचा लाडू त्यांनी रुमालात बांधायला घेतला होता, त्याला गाठ मारत होत्या. ''भुऱ्या उपाशी राह्यते. मी घालून पाह्यलं, आमच्या यायनं घालून पाह्यलं. नाही खात थो. तिच्याच हातचं लागते त्याले.''

मग त्यांनी 'तिच्यासाठी' म्हणत अजून एक लाडू मागून घेतला आणि तोही त्याच रुमालात बांधला.